आठ-त्रेचाळीसचा हिशेब

जुन्या महिंद्रा जीपच्या मागच्या ॲक्सलचं गोल झाकण उघडलं की तेलात बुडालेले दोन गिअर दिसतात. लहान पिनियनला आठ दात, मोठ्या क्राउनला त्रेचाळीस. म्हणजे पिनियन ५.३८ वेळा फिरेल तेव्हा चाक एकदा फिरणार. हे प्रमाण अमेरिकेत ठरलं आणि पेट्रोल इंजिनासाठी ठरलं. इंजिन मिनिटाला चार हजार फेऱ्यांपर्यंत जाणारं. गाडी चिखलातून, चढावरून, ओझं घेऊन ओढायची. पळवण्याची हौस कोणाला नव्हती. पुढे आपल्याकडच्या गॅरेजांनी या जीपांतलं पेट्रोल इंजिन उतरवून डिझेल बसवायला घेतलं, तेव्हा बहुतेकांचं लक्ष बॉनेटखाली होतं. जे मुरलेले होते ते आधी गाडीच्या मागे जाऊन वाकून बघायचे.

"इंजिन बसवायला काय लागतंय?" कोल्हापूर भागातले एक वयस्क मिस्त्री मला म्हणाले. "चेन-पुली लावायची आणि सोडायचं खाली. बसलेलं इंजिन रस्त्याला लावायचं, ते खरं काम हाय." नाव छापू नका म्हणाले, का, ते विचारल्यावर नुसते हसले. जीपा, पिकअप, अँबॅसिडर, एखाददुसरी लष्करी जोंगा असं सगळं त्यांच्या हाताखालून गेलेलं आहे. आता गुडघे साथ देत नाहीत, म्हणून ते स्टुलावर बसून मुलाला सांगतात आणि मुलगा गाडीखाली जातो.

हे सगळं सुरू झालं ते पंपावरच्या भावामुळे. १९७३ च्या ऑक्टोबरात अरब-इस्रायल युद्ध झालं, तेल उत्पादक देशांनी हात आखडता घेतला आणि जगभर इंधन महागलं. आपल्या सरकारने त्या ओझ्यातला मोठा वाटा पेट्रोलवर टाकला, कारण पेट्रोल म्हणजे मोटारवाल्यांचं इंधन. डिझेल एसटीचं, मालट्रकचं, शेतातल्या पाण्याच्या इंजिनाचं. ही वाटणी पुढे चार दशकं टिकली. पेट्रोल जीप लिटरला सात-आठ किलोमीटर द्यायची, डिझेलवर तीच गाडी अकरा-बारापर्यंत जायची. डिझेल निम्म्या भावात आणि त्यावर अंतर दीडपट, असं धरलं तर किलोमीटरचा खर्च एक तृतीयांशावर येतो. ज्या गाडीचं पोट रोजच्या फेऱ्यांवर चालतं तिच्या मालकाला आणखी काही समजावून सांगावं लागत नाही.

आणि अशा गाड्या भरपूर होत्या. बांधकाम खातं, पाटबंधारे, जंगल खातं, पंचायत समितीचे बीडीओ, साखर कारखान्यांचे शेती अधिकारी, सगळ्यांकडे पेट्रोल जीपा. त्या थकल्या की लिलावात निघायच्या आणि लिलावात घेणारा बहुतेक वेळा वडापवाला, म्हणजे गावोगावची माणसं भरून फेऱ्या मारणारा, असायचा. नऊ माणसांच्या गाडीत सोळा माणसं, दोन टपावर, एक मागच्या फूटबोर्डवर, अशी तिची पुढची कारकीर्द. साहेबाची जीप पेट्रोलवर चालत होती कारण पेट्रोलचे पैसे साहेबाच्या खिशातून जात नव्हते. वडापवाल्याच्या घरी आल्या आल्या तिचं इंजिन उतरायचं.

*

लोक याला 'जुगाड' म्हणतात, तेव्हा माझा थोडा संताप होतो. कारण गॅरेजने जे केलं ते आधी कारखान्यानेही केलं होतं, आणि एकदा नाही, वारंवार.

जीपचा चेहराच घ्या. आपण ज्याला 'महिंद्रा जीप' म्हणून ओळखतो ते उंच, चौकोनी, जरा हनुवटी वर केल्यासारखं बॉनेट कुठून आलं? विलिस कंपनीला १९५३ मध्ये जुन्या बुटक्या जीपमध्ये नवं 'हरिकेन' इंजिन घालायचं होतं. २,१९९ सीसीचं, चार सिलिंडरचं. खालचा ब्लॉक जवळजवळ युद्धकाळातल्या जीपचाच, पण हवा घेणारा व्हॉल्व्ह वर हेडमध्ये नेलेला आणि धूर सोडणारा व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्येच ठेवलेला. त्यामुळे इंजिनाची उंची वाढली आणि बॉनेट बसेना. कंपनीने इंजिन बुटकं करण्याऐवजी बॉनेट उंच केलं. सीजे-थ्री-बी या नावाने निघालेलं ते मॉडेल अमेरिकेत १९६८ पर्यंत चाललं. आपल्याकडे महिंद्राने त्याच चेहऱ्याच्या गाड्या पुढची कित्येक दशकं काढल्या. म्हणजे देशभर ज्या रूपावर लोक प्रेम करतात ते रूपच इंजिन बदलताना झालेल्या अडचणीतून आलं आहे. शिवाय त्या उंच बॉनेटखाली जी मोकळी जागा मिळाली तिथेच पुढे डिझेल इंजिनं मावली.

महिंद्राची गोष्ट त्याहून बोलकी. १९४७ पासून मुंबईत माझगावला विलिसच्या जीपा सुटे भाग आणून जोडायला त्यांनी सुरुवात केली, १९५४ मध्ये विलिसबरोबर उत्पादनाचा करार झाला, मग कांदिवलीचा कारखाना आला. साठच्या दशकात इंटरनॅशनल हार्वेस्टरबरोबर त्यांची ट्रॅक्टर कंपनी निघाली. त्या कंपनीचा बी-२७५ ट्रॅक्टर आजही कुठेकुठे नांगरताना दिसतो. १९७५ मध्ये महिंद्राने पहिली डिझेल जीप बाजारात आणली, सीजे-५००-डी. तिचं इंजिन याच ट्रॅक्टरच्या घराण्यातलं होतं, २.३५ लिटरचं. ट्रॅक्टरवर ते दोन हजारांच्या आसपास फेऱ्यांवर शांतपणे नांगर ओढायचं. जीपमध्ये त्याला अधिक पळावं लागलं. पेट्रोल जीपमध्ये ट्रॅक्टरचं इंजिन! हेच जर एखाद्या गॅरेजने केलं असतं तर काय नाव दिलं असतं, ते सांगायला नको.

कंपनीलाही हे इंजिन मोटारीला जड आणि मंद वाटत असावं, कारण १९७९ मध्ये तिने फ्रान्सच्या प्यूजोचं एक्सडीपी ४.९० इंजिन बनवण्याचा परवाना मिळवला. चार सिलिंडर, ९० मिलिमीटर बोअर, २,११२ सीसी. इगतपुरीच्या कारखान्यात ही इंजिनं बनू लागली. ते मोटारीसाठीच जन्मलेलं. साडेचार हजारांच्या आसपास फेरे सहज घ्यायचं. त्यानंतर आलं २.५ लिटरचं एमडीआय, ज्याला सगळे नुसतं 'डीआय' म्हणतात. त्याचं मूळ शोधत गेलं तर आपण पुन्हा ट्रॅक्टरच्या दारात पोचतो: चार इंचांचा स्ट्रोक तोच, बोअर थोडं वाढवलेलं. कमांडर, मार्शल आणि नंतर बोलेरोच्या पिढ्या या डीआयच्या वंशावर चालल्या. आज रस्त्यावर भाजी, सिमेंट, गुरं वाहणाऱ्या पिकअपांच्या इंजिनांत त्या नांगराची आठवण कुठेतरी शिल्लक आहे.

*

जरा आडवळण घेतो. अमेरिकेत रस्त्यावर धावलेली पहिली डिझेल मोटारसुद्धा इंजिन बदलूनच तयार झाली होती. इंडियाना राज्यातल्या कोलंबस गावचे क्लेसी कमिन्स १९२९ च्या मंदीत आपली कंपनी बुडताना बघत होते. त्यांनी एक वापरलेली पॅकार्ड लिमोझिन घेतली, तिच्यात आपलं चार सिलिंडरचं डिझेल इंजिन बसवलं आणि १९३० च्या जानेवारीत इंडियानापोलिसहून न्यूयॉर्कच्या मोटार प्रदर्शनाला निघाले. सुमारे पावणेतेराशे किलोमीटर. इंधनाचा एकूण खर्च एक डॉलर अडतीस सेंट. या कमिन्सशी पुढे किर्लोस्करांनी हात मिळवला आणि १९६२ मध्ये पुण्यात किर्लोस्कर कमिन्स निघाली; कोथरूडमध्ये तिचा कारखाना झाला.

अमेरिकेत ही परंपरा अजून जोरात आहे, फक्त कारण वेगळं. कमिन्सचं ५.९ लिटरचं सहा सिलिंडरचं 'बी' मालिकेतलं इंजिन डॉज कंपनीने १९८९ च्या पिकअपमध्ये दिलं. त्यानंतर तिकडच्या हौशी लोकांनी तेच इंजिन जुन्या फोर्ड आणि शेवरोलेत घालायचा सपाटा लावला. इंजिनाचं वजन सुमारे पाचशे किलो, त्यामुळे पुढचे पाटे बदलल्याशिवाय गत्यंतर नसतं. ज्यांना एवढं जड नको ते चार सिलिंडरचा धाकटा भाऊ शोधतात. पाव आणि वेफर्स दुकानोदुकानी पोचवणाऱ्या जुन्या व्हॅनांतून तो निघतो. त्याच 'बी' मालिकेची इंजिनं टाटा कमिन्सने जमशेदपूरला बनवली आणि ती आपल्या मालट्रकांत चालली. तिकडचा माणूस ट्रेलर ओढण्यासाठी आणि हौसेसाठी ज्या इंजिनाच्या मागे धावतो, त्यावर आपल्याकडे कांद्याच्या गोण्या जात होत्या.

*

आता कामाबद्दल. इंजिन बदलणं म्हणजे नेमकं काय काय करावं लागतं?

पहिला प्रश्न जोडाचा. इंजिनाच्या पाठीमागे बेल हाउसिंग, त्यात क्लच, त्यामागे गिअरबॉक्स. जुन्या जीपचा तीन गिअरचा बॉक्स हरिकेनसाठी केलेला. डिझेल इंजिनाच्या पाठीवरची भोकं वेगळ्या जागी. मग लोखंडी प्लेट कापून ॲडॉप्टर बनवायचा. एका बाजूला इंजिनाची भोकं, दुसऱ्या बाजूला बेल हाउसिंगची. ऐकायला सोपं. पण क्रँकशाफ्टचा मध्य आणि गिअरबॉक्सच्या शाफ्टचा मध्य एका रेषेत हवा, आणि तो डोळ्यांनी दिसत नाही. डायल गेज लावून बघावं लागतं. चार-पाच थाऊंच्या वर फरक गेला, म्हणजे इंचाच्या हजाराव्या चार-पाच भागांच्या वर, की गाडी चालेल, पण दोन महिन्यांत पायलट बेअरिंग ओरडेल आणि सहा महिन्यांत क्लच प्लेटचा हब फाटेल. ज्या गावात चांगला टर्नर नव्हता तिथल्या डिझेल जीपा क्लच खायच्या, आणि मालक शिव्या इंजिनाला द्यायचा.

क्लच प्लेटचीही गंमत आहे. घर्षणाचा गोल भाग नव्या इंजिनाच्या फ्लायव्हीलला बसणारा हवा आणि मधल्या हबचे दात जुन्या गिअरबॉक्सच्या शाफ्टला. अशी प्लेट दुकानात मिळत नाही. दोन प्लेटा घ्यायच्या, रिबिटा फोडायच्या आणि एकीचा हब दुसरीला ठोकायचा. मग आणखी एक गोष्ट: क्रँकच्या टोकाला जे छोटं पायलट बुश असतं त्याचं बाहेरचं माप इंजिनाचं आणि आतलं माप गिअरबॉक्सचं. गनमेटलचा तुकडा घेऊन ते लेथवर कातून घ्यायचं. सगळ्या कामात हा सर्वांत लहान तुकडा, आणि तो विसरला तर सगळं काम परत खाली उतरवावं लागतं.

दुसरा प्रश्न जागेचा. इंजिनाच्या पोटाखालचं सम्प पुढच्या ॲक्सलवर आदळतं, कारण जीप उसळली की ॲक्सल वर येतो. मग सम्प कापून त्याला खळगा पाडायचा, वेल्ड करायचं, आणि आतली तेल ओढणारी नळी वळवायची. नळी वळवली पण तळापर्यंत पोचली नाही तर चढावर तेल मागे सरकतं, नळी हवा ओढते आणि बेअरिंगा जळतात. आंबा घाट, फोंडा घाट चढताना अशी इंजिनं बसलेली आहेत.

तिसरा प्रश्न, डिझेलचा स्वभाव. पेट्रोल इंजिनात हवा सातपटीच्या आसपास दाबली जाते आणि ठिणगी पडते. डिझेलमध्ये ठिणगी नाही; हवा वीसपटीच्या आसपास दाबून इतकी तापवायची की डिझेलचा फवारा पडताच तो पेटावा. जास्त दाब म्हणून कार्यक्षमता जास्त, आणि त्याच दाबापायी धक्केही जास्त. हरिकेनच्या रबरी माउंटिंगांवर डिझेल इंजिन ठेवलं की गाडी जागेवर थरथरते, आरसा हलतो, हेडलाइटचे स्क्रू सुटतात, रेडिएटरच्या टाकीचे टाके उसवतात. शहाणा मिस्त्री नवी माउंटिंग ब्रॅकेटं करतो, चासीला आतून पट्टी मारतो आणि पुढच्या पाट्यात एक पान वाढवतो. घाईतला मिस्त्री यातलं काहीच करत नाही, आणि वर्षाभराने चासीला माउंटिंगपाशी केसाएवढी चीर दिसते.

बारीकसारीक गोष्टी तर विचारू नका. पेट्रोल गाडी किल्ली बंद केली की थांबते. जुनी डिझेल थांबत नाही. पंपाचं डिझेल तोडायला डॅशबोर्डवर एक दोरी बसवावी लागते, ती ओढली की इंजिन मरतं. नवा ड्रायव्हर किल्ली काढून खिशात घालतो आणि गाडी आपली चालूच. स्टार्टर आणि बॅटरी मोठी लागते. प्यूजोसारख्या इंजिनांना थंडीत हीटर प्लग तापवल्याशिवाय जाग येत नाही, डीआय मात्र तसंच उठतं. काही जुन्या जीपांत वायपर पेट्रोल इंजिनाच्या व्हॅक्युमवर चालायचा. डिझेल इंजिनात हवा अडवणारी झडपच नसते, त्यामुळे व्हॅक्युम होत नाही, म्हणून इंजिन बदललं आणि पाऊस आला की कळायचं, वायपर गेला.

*

जीपपेक्षा अवघड केस होती पिकअपची. महिंद्राने १९६५ च्या सुमारास एफसी-१५० हा पेट्रोल पिकअप काढला. मूळ अमेरिकन जीप घराण्यातला. आखूड, चपट्या तोंडाचा, ड्रायव्हर पुढच्या चाकांच्या वर बसलेला. इंजिन बॉनेटखाली नाही, केबिनमध्ये, ड्रायव्हर आणि क्लीनरच्या मधोमध एका पेटाऱ्यात. सामानाला भरपूर जागा, गल्लीत वळायला सोपा. म्हणून वखारवाले, गॅस एजन्सीवाले, नगरपालिका यांच्याकडे तो होता.

त्याचा दोष असा की रिकामा असताना सगळं वजन पुढे. जोरात ब्रेक मारला तर मागचा भाग हलका होतो. त्यात पेट्रोल इंजिनाच्या जागी जड डिझेल बसवलं की पुढचे पाटे चपटे होतात, स्टिअरिंग दगड होतं आणि रिकाम्या गाडीचा ब्रेक ही भीतीदायक गोष्ट होते. माझ्या मते एफसीला डिझेल करणं ही हौसेखातर पत्करलेली जोखीम होती. पण मिस्त्री म्हणाले, "रिकामी कुठं चालतीया ती?" तेही खरं. वाळू भरली की सगळं जागेवर यायचं. राहिला आवाज. पेटाऱ्याला आतून काथ्याची गादी लावायची, वर रेक्झिन मारायचं, आणि तरीही ड्रायव्हर आणि क्लीनर आयुष्यभर एकमेकांशी ओरडूनच बोलणार. उन्हाळ्यात त्या पेटाऱ्यावर हात ठेवता येत नसे. सकाळी मात्र चहाची किटली त्यावरच गरम राहायची.

*

आता त्या आठ-त्रेचाळीसकडे. जीपच्या सोळा इंची चाकाचा एक वेढा साधारण २.२ मीटर. टॉप गिअरमध्ये गिअरबॉक्स काही कमी-जास्त करत नाही, इंजिनाचा एक फेरा म्हणजे प्रोपेलर शाफ्टचा एक फेरा. हरिकेन चार हजार फेऱ्यांवर गेलं की चाक मिनिटाला ७४४ वेळा फिरणार, म्हणजे ताशी ९८ किलोमीटर. प्यूजोचं एक्सडीपीसुद्धा तेवढे फेरे घेतं, म्हणून प्यूजो बसवलेली जीप फार तक्रार न करता चालायची. पण डीआय तीन हजारांच्या आसपास दमतं. तेच गणित केलं की उत्तर येतं ताशी ७४. त्या वेगाला इंजिन किंचाळत असतं आणि मागून मालट्रक हॉर्न देत असतो.

इथे गिऱ्हाईक येऊन म्हणायचं, "पॉवर कमी पडतेय, पंप वाढवून द्या." पंप वाढवला, म्हणजे डिझेल जास्त सोडलं, की धूर काळा होतो, डिझेल जास्त जातं, वेग तोच. पॉवरचा प्रश्नच नव्हता. डीआय खालच्या फेऱ्यांवर भरपूर ओढतं, त्याला फक्त उंच गिअर हवा असतो. प्रमाण ५.३८ वरून ४.८८ वर आणलं तर त्याच तीन हजार फेऱ्यांत ताशी ८१ मिळतात. ४.०९ वर नेलं तर ९७. क्राउन-पिनियन बदलायचं काम महाग आणि नाजूक. दातांची पकड शिमा घालून जुळवावी लागते, नाहीतर ॲक्सल रडतो. त्यात चारचाकी ताकदीची जीप असेल तर पुढचा ॲक्सलही त्याच प्रमाणाचा करावा लागतो. फक्त मागचा बदलला तर पुढची चाकं एका हिशेबाने फिरणार आणि मागची दुसऱ्या. काहींनी यावर सरळ उपाय केला: पुढचा प्रोपेलर शाफ्ट काढून भंगारात विकला. जीपची अर्धी ताकद गेली, पण वडापला चिखलात जायचं नव्हतंच.

स्वस्तातला मार्ग मोठ्या टायरचा. वेढा २.४ मीटर झाला की ७४ चे ८० होतात, जीप दिसायलाही रुबाबदार होते. स्पीडोमीटर मात्र खोटं बोलू लागतो, खऱ्यापेक्षा कमी दाखवतो.

मिस्त्री हे गणित कागदावर करत नाहीत. आधी ते विचारतात, गाडी कुठे चालणार? भुईबावडा घाटात आणि उसाच्या फडात चालणार असेल तर आठ-त्रेचाळीस ठेवा, ७४ वर खूश राहा. पुणे-बेंगळुरू हायवेला लागणार असेल तर आधी ॲक्सल, मग इंजिन. इतकी साधी चौकशी न करता हजारो रुपये घालवणारी गॅरेजं मी बघितली आहेत आणि अजूनही बघतो. आता त्यांच्याकडे लॅपटॉप असतो, एवढाच फरक.

*

हे ज्ञान खेडोपाडी पोचलं कसं, याचं उत्तर मला विहिरीवर सापडतं. पश्चिम महाराष्ट्रात वीज पोचण्याआधी पाणी ऑइल इंजिनाने उपसलं जायचं. पुण्याच्या खडकीला १९४६ मध्ये किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली. तिचं पाच अश्वशक्तीचं, १,५०० फेऱ्यांचं ए.व्ही.-१ इंजिन शेताशेतांत गेलं. साताऱ्याकडे कूपर होतं, कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात फाउंड्र्या आणि लेथ होते. मोट सोडून इंजिन घेतलेल्या शेतकऱ्याला पहिल्याच वर्षी कळायचं की नळीत हवा शिरली तर डिझेल इंजिन चालत नाही. नट सैल करून, हाताने पंप मारून, बुडबुडे जाऊन डिझेलची सलग धार येईपर्यंत थांबायचं. नोझल फुटकं फवारतं की नीट, ते हातावर घेऊन बघू नये, कातडी फाडून आत जातं, हेही कोणीतरी जखम होऊन शिकलेलं असायचं. या विहिरीवरच्या शिक्षणातून निघालेल्या पोराला जीपचं डिझेल इंजिन नवखं नव्हतं. आमचे मिस्त्रीही ऊस पट्ट्यातल्या इंजिनांपासूनच सुरू झाले.

जुनी इंजिनं यायची कुठून? मुंबईत कुर्ल्याच्या भंगार बाजारातून, पुण्यात नाना पेठेच्या स्पेअर पार्टवाल्यांकडून, लष्कराच्या लिलावांतून. अपघातात चेपलेल्या मार्शलचं डीआय, मॅटॅडोरचं इंजिन. मॅटॅडोर ही बजाज टेंपोची, आकुर्डीची. तिच्या नंतरच्या गाड्यांत मर्सिडीजच्या परवान्याने केलेलं २.४ लिटरचं ओएम-६१६ होतं, जे जर्मनीत टॅक्सीवाल्यांच्या २४०-डी मर्सिडीजमध्ये चालायचं. ते जीपमध्ये घातलेला मालक 'माझी जीप मर्सिडीज आहे' असं म्हणाला, तर तो अगदीच थापा मारत नव्हता.

*

कागदांची गोष्ट मात्र वेगळी. इंजिन बदललं तर आरसी बुकात इंजिन नंबर आणि इंधन बदलून घ्यावं लागतं. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमात हे आहे. न विचारता बदल झाला असेल तर चौदा दिवसांत कळवायचं, असंही आहे. जुन्या काळी इंजिन विकत घेतल्याची पावती, गाडी दाखवणं आणि शुल्क, एवढ्यावर काम व्हायचं. २००० साली हे कलम कडक झालं: उत्पादकाने जी गाडी दिली तिच्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल नको. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने केरळातल्या एका प्रकरणात तोच अर्थ ठामपणे सांगितला. सीएनजी, एलपीजी, बॅटरी यांच्या मान्य किटांना वाट आहे. पेट्रोलमधून डिझेलकडे जायला आज व्यवहारात दार जवळजवळ बंद आहे. जे बदल पूर्वी नोंदले गेले ते चालले. ज्यांनी नोंदले नाहीत त्यांच्या गाड्या अजून कागदावर पेट्रोल पितात, आणि अपघात झाला की विमा कंपनी पहिल्यांदा नेमकं तेच पान उघडते.

दार बंद व्हायच्या आधी आत येण्याचं कारणही संपत चाललं होतं. २०१० च्या जूनमध्ये पेट्रोलचे भाव बाजारावर सोडले, डिझेलचे नाही. त्यामुळे दरी रुंदावली आणि २०१२ च्या मे महिन्यात दिल्लीत पेट्रोल ७३.१८ रुपये तर डिझेल ४०.९१ झालं. गॅरेजांचा हा शेवटचा सुगीचा काळ. २०१४ च्या ऑक्टोबरात डिझेलही मोकळं केलं. २०२० च्या जूनमध्ये दिल्लीत चक्क डिझेल पेट्रोलच्या वर गेलं. धुराचा हिशेबही उशिरा का होईना मांडला गेला. पंप वाढवलेल्या जुन्या डिझेलमागे मोटारसायकल चालवली आहे त्याला मी त्याचं समर्थन करायला सांगणार नाही. तो धूर घातकच होता. आणि २०२३ च्या एप्रिलपासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी संपते, त्या भंगारातच जातात. लिलावातून वडापकडे जाणारी ती जुनी वाट तिथे संपली.

आता उलटा प्रवास सुरू झाला आहे. २०२१ च्या जुलैमध्ये केंद्राने विंटेज गाड्यांचे नियम आणले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली, मूळ रूपात असलेली, चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा बदल न झालेली गाडी असेल तर तिला वेगळी मालिका, वेगळा नंबर, दहा वर्षांची नोंदणी. नोंदणीचं शुल्क वीस हजार. अशी गाडी रोजच्या कामाला किंवा भाड्याला चालवायची नाही, पण रॅलीत मिरवता येते. आता पंचाहत्तर सालापर्यंतच्या जीपांनी पन्नाशी गाठली आहे, आणि त्यातल्या कितीतरींच्या बॉनेटखाली डिझेल आहे. पुण्या-मुंबईचे हौशी मालक आता हरिकेन इंजिनं शोधत फिरतात. जी इंजिनं एकेकाळी किलोच्या भावाने गेली, किंवा ब्लॉक फोडून फाउंड्रीत वितळली, त्यांतलं जे काही उरलं आहे त्याला आता तोंडाला येईल तो भाव. कार्बोरेटर, मॅनिफोल्ड, डिस्ट्रिब्युटर वेगवेगळ्या गावांतून गोळा करायचे.

मिस्त्रींकडे अशी एक जीप उभी होती. मालकाला ती मूळ पेट्रोलवर हवी आहे. डीआय उतरवलेलं, ॲडॉप्टर प्लेट भिंतीला टेकवलेली. ती प्लेट मिस्त्रींनी स्वतः, तरुणपणी कातून घेतलेली, भोकांवरून त्यांनी ओळखली. सम्पसाठी कापलेला क्रॉसमेंबर परत भरायचा आहे, माउंटिंगची भोकं बुजवायची आहेत, हरिकेनच्या ब्लॉकमधल्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या जागा पुन्हा कातायच्या आहेत, आणि ते काम करणारे हात कमी उरलेत. "पेट्रोल करून द्यायचे किती घेता?" मी विचारलं. त्यांनी आकडा सांगितला नाही. "डिझेलचे घेत होतो त्याच्या दुप्पट," म्हणाले. "तवा गिऱ्हाईक गरीब होतं."